तक्ता क्रमांक चार

ताईने कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला होता, आणि चहा होईपर्यंत तो बाहेर काढला नाही. आधी तिने माझ्या खिडकीतल्या कुंडीला नावं ठेवली, मग माझ्या नवऱ्याच्या नव्या चष्म्याला. कप हातात आला तेव्हा म्हणाली, "तुझ्या ऑफिसातून चिठ्ठी आलीय. वाच."

चिठ्ठी आमच्या ऑफिसातून आलेली नव्हती, परवाना कार्यालयातून आली होती. पण खाली बारीक अक्षरात आमच्या संस्थेचा उल्लेख होता, कारण चाचणी आमची. साठी उलटलेल्या आणि लोकांच्या कामाची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला परवाना नवा करताना ती द्यावी लागते. अंक लक्षात ठेवायचे, शब्द लक्षात ठेवायचे, चित्रातलं काय बदललं ते सांगायचं. एकूण गुण पन्नास. ताईच्या वयाला किमान तेहतीस हवेत. ताईला एकतीस.

"दोन मार्कांनी नापास," ताई म्हणाली. "शाळेत दोन मार्कांसाठी कोणी अडवायचं नाही. बाई म्हणायच्या, जा, दिले."

"पुन्हा देता येते."

"सहा महिन्यांनी. लिहिलंय खाली. तोवर गाडी दुसरा कोणी चालवणार आणि मी शेजारी बसून पुस्तकं वाटायची. त्यातही नापास झाले तर घरी." तिने बशीत चहा ओतला आणि तसाच राहू दिला. "मला ते मशीनच नाही आवडलं गं. आवाज बाईचा होता, पण आत बाई नव्हती."

ताई फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते. बावीस वर्षं झाली. सोमवार ते शुक्रवार पाच रस्ते, प्रत्येक रस्त्यावर सहा-सात थांबे, आणि थांब्यावर कोण उभं असेल, त्याने मागच्या वेळी काय नेलं होतं, पान दुमडून आणलं की कव्हर फाडून, हे सगळं तिच्या डोक्यात. भावजी गेले तेव्हा ती नऊ दिवस घरी बसली आणि दहाव्या दिवशी गाडी काढली. मी म्हटलं, थोडी विश्रांती घे. ती म्हणाली, घरात बसून काय करू, घराला स्टिअरिंग नाही.

मी चिठ्ठी पुन्हा घडी घातली. "काहीतरी चूक असेल. मी बघते."

"तू बघच," ताई म्हणाली. "संस्थेत इतकी वर्षं घासतेस, एकदा तरी घरच्यांच्या उपयोगी पड."

हे ती गमतीने म्हणाली. मला मात्र ते आजही गमतीचं वाटत नाही.

मी मानसशास्त्र शिकलेली नाही. टायपिस्ट म्हणून लागले. आमच्या सरांना स्वल्पविराम बदलायची खोड, त्यामुळे चाचणीची नियमपुस्तिका मी चार वेळा टाइप केली. मध्यमान म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं नाही. तो शब्द तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत उठले आणि कपाटातून पुस्तक काढलं. मग सवयच लागली. डब्याशेजारी पुस्तक, पुस्तकावर तेलाचे डाग. अकरा वर्षं अशी गेली. मग चाचणी घ्यायला नेमलेल्या दोघी शिकलेल्या मुली एकाच महिन्यात सोडून गेल्या, आणि सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, नियम तुम्हाला पाठच आहेत. तुम्हीच बसा."

काम होतं तक्ता करायचं. तक्ता म्हणजे फार मोठं काही नाही. आधी शेकडो धडधाकट माणसांना चाचणी द्यायची, कोणाला किती गुण पडतात ते मांडायचं, आणि शंभरातले खालचे दहा जिथे संपतात तिथे रेघ ओढायची. पुढे कोणाचे गुण रेघेखाली गेले, की त्याच्या डोक्याची काळजी करायची. पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या बायका सगळ्याच्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या, दोनशे चौदा. तो तक्ता क्रमांक चार.

नियम कडक होते. अंक एका सेकंदाला एक, सपाट आवाजात, मध्ये न थांबता, शेवटी आवाज न उतरवता. उत्तर आल्यावर मान हलवायची नाही. कोणी विचारलं, "बरोबर आलं का?" तर द्यायचं उत्तर पान सहावर छापलेलं: "मला ते सांगता येणार नाही. तुम्ही आपला प्रयत्न करत राहा." हे वाक्य मी चार वेळा टाइप केलं होतं. तोंडाने एकदाही म्हटलं नाही.

कसं म्हणणार? त्या बायका दारातून आत येतानाच अर्ध्या झालेल्या असायच्या. कोणी धुलाईच्या दुकानातली, कोणी शिवणकाम करणारी, कोणी नातवंडं सांभाळून दमलेली. खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पर्स छातीशी. एकीने विचारलं, "यात वेड निघालं तर घरी कळवता का हो?" एक तर पहिला अंक यायच्या आधीच रडायला लागली. सपाट आवाजात मी तिला "सात, दोन, नऊ, चार, एक, आठ, तीन" असं वाचून दाखवलं असतं, तर ते तोंडात मारल्यासारखं झालं असतं.

मी काय करत होते ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. अर्धं कळत होतं. मी वाचायची, "सात दोन नऊ" आणि श्वास. "चार एक" आणि श्वास. "आठ तीन", आणि इथे आवाज खाली, दार हलकेच लोटल्यासारखा. सेकंदाचा हिशेब मी बसवायची, घड्याळाला तक्रार करायला जागा नव्हती. बायका मान डोलवत ऐकायच्या आणि तशाच परत म्हणायच्या. बरोबर आलं की मी म्हणायची, "अगदी बरोबर." मग त्या खुर्चीत मागे टेकून बसायच्या.

ही चाल ताईची. आई कारखान्यात जायची तेव्हा ताई दहा वर्षांची आणि मी पाच. कारखान्याचा फोन नंबर तिने माझ्याकडून चालता चालता पाठ करून घेतला. तीन पावलं, तीन आकडे, थांबायचं. दोन पावलं, दोन आकडे, थांबायचं. "हरवलीस तर कोणत्याही बाईला हे सांगायचं," ती म्हणायची, "पुरुषाला नाही." मी हरवले कधीच नाही, पण तो नंबर मला अजून येतो. कारखाना पाडून किती वर्षं झाली.

प्रत्येक कागदाखाली छापलेलं असायचं, "चाचणी नियमानुसार घेतली", आणि पुढे सही. मी दोनशे चौदा सह्या केल्या. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या अठ्ठेचाळीस जणींना पुन्हा बोलावलं, दुसऱ्या अंकांची नवी चाचणी द्यायला. त्या माहेरी आल्यासारख्या आल्या. एकीने मला लोकरीचे मोजे आणले. त्या कागदांवरही सह्या केल्या.

पुढे सरांनी चाचणी यंत्रावर नेली. अंक रेकॉर्ड केलेल्या आवाजात, सेकंदाला एक, सरळ रेषेत. सर खूष होते. माणूस म्हटला की कमी-जास्त आलंच, यंत्र सगळ्यांना सारखं. तक्ता मात्र जुनाच ठेवला. तो बदलायचं कोणाला कारणच दिसलं नाही, कारण कागदांवर लिहिलेलंच होतं, नियमानुसार. मलाही दिसलं नाही. खरंच नाही. मी नव्या यंत्रावरची धूळ पुसायची आणि मनात म्हणायची, चला, घसा सुटला.

ताई चिठ्ठी ठेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ध्वनिफितींचं कपाट उघडलं. त्या वेळी दर विसाव्या बैठकीचं ध्वनिमुद्रण करायचा नियम होता, तेवढा एक मी पाळला होता. दहा फिती. मी पहिली लावली. डबा उघडायचा राहिला.

माझा आवाज माझ्याहून तरुण होता. "सात दोन नऊ," तो म्हणाला, आणि श्वास. मग त्या बाईंचा आवाज, अगदी त्याच चालीवर. "अगदी बरोबर." आणि खुर्ची कुरकुरली, बाई मागे टेकून बसल्या असणार. मी दहाच्या दहा फिती ऐकल्या. मग यंत्र लावलं. सात. दोन. नऊ. चार. एक. प्रत्येक अंक वेगळा, कोणाचा कोणाशी संबंध नाही, लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसारखे.

मी यंत्र बंद केलं. दोनशे चौदा बायका मी हात धरून वर चढवल्या होत्या, आणि त्या जिथे पोचल्या तिथे रेघ ओढली होती. आता ताईसारख्या बायका त्या रेघेपर्यंत एकट्या चढत होत्या.

पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, इतकं मला टाइप करून करून कळलं होतं. म्हणून मी रीतसर करायचं ठरवलं. बारा बायका गोळा केल्या. शेजारीण, ऑफिसातल्या सफाईच्या मावशी, त्यांच्या दोन बहिणी, माझी नणंद. नणंद म्हणाली, "माझंच डोकं तपासायचं सुचलं का तुला?" मी म्हटलं, "वन्सं, तुमचं चांगलं आहे म्हणूनच." तेव्हा कुठे तयार झाल्या. सहा जणींना आधी चालीवर आणि आठवड्याने सपाट, उरलेल्या सहा जणींना उलट, म्हणजे सरावाचा फायदा कुठल्या एका पद्धतीला मिळायला नको. गुण मी दिले नाहीत. पद्धतीची खूण झाकून कागद नवऱ्याला दिले. तो जेवणाच्या टेबलावर चष्मा कपाळावर चढवून बसला आणि म्हणाला, "मला एवढं तरी सांग, आपण कोणाला नापास करतोय?"

"मला," मी म्हटलं.

फरक आला सरासरी दोन पूर्णांक सहा गुणांचा. ताईच्या एकतिसात मिळवले तर तेहतिसाच्या वर. मी बेरीज तीनदा केली आणि तीनदा बरं वाटलं. आणि मग कारण नसताना मला मंगळवार आठवला.

थंडीतली गोष्ट. ताईने मंगळवारचं गाव बुधवारी गाठलं होतं. थांब्यावर कोणी नाही, म्हणून ही हॉर्न वाजवत बसली. तिनेच हसत हसत सांगितलं होतं, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. बावीस वर्षांत एकदा वार चुकला तर चुकला. आता बेरजेच्या कागदाकडे बघताना मला पहिल्यांदाच कळेना, की ते हसण्यासारखं होतं का. हे कळावं म्हणूनच तर चाचणी असते. आणि ती मी बिघडवून ठेवली होती.

सर माणूस वाईट नाहीत. त्यांनी माझी दोन पानं दोनदा वाचली, हातात पेन धरून, आणि एक स्वल्पविराम बदलला.

"क्रम उलटसुलट केलात. छान. कुठे वाचलंत?"

"तुमच्याच पुस्तकात, सर. मीच टाइप केलं होतं."

"गुण कोणी दिले?"

"आमच्या ह्यांनी. कोणता कागद कुठल्या पद्धतीचा, त्यांना ठाऊक नव्हतं."

"आणि अंक कोणी वाचले?"

मी टेबलावरच्या फिती नीट रचायला लागले.

"तुम्ही वाचलेत," सर म्हणाले. "सपाट वाचताना तुम्हाला ठाऊक होतं, की आता गुण कमी यायला हवेत. मी असं म्हणत नाही की तुम्ही मुद्दाम काही केलंत. पण तुम्हीच सांगा, हा कागद दुसऱ्या कोणी आणला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"परत पाठवला असता."

"बघा."

"म्हणून तर फिती आणल्यात, सर. त्या ऐका."

त्यांनी अर्धी फीत ऐकली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छान वाचता तुम्ही," ते म्हणाले, आणि फीत थांबवली. मग म्हणाले, "या दहा. उरलेल्या दोनशे चार वेळा कसं वाचलंत?"

"असंच."

"हे तुम्ही आज म्हणताय. त्या दिवशी प्रत्येक कागदावर सही केलीत, नियमानुसार म्हणून. मी कोणत्या तुमच्यावर विश्वास ठेवायचा, बाई? बहीण नापास व्हायच्या आधीच्या, की नंतरच्या?"

इतकं नेमकं कोणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता. आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

"नऊ वर्षांत या तक्त्यावर किती माणसांचे निर्णय झाले, कल्पना आहे?" सरांनी विचारलं.

"तेच तर म्हणतेय मी."

"मीही तेच म्हणतोय."

त्यांनी माझ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "पुढील आवृत्तीच्या वेळी विचारात घ्यावे", आणि तारीख घातली. पुढची आवृत्ती चार वर्षांनी. तोवर सर निवृत्त झालेले असतील. मी दारापाशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "समजा, रेघ खाली आणली. रेघेजवळचे सगळे पास होतील. त्यांच्यातल्या एखाद्याचं खरोखर काही बिघडलं असेल तर? रस्त्यावर माणसं चालतात. तुमची बहीण ठीक आहे, अशी खात्री आहे तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. पण जरा थांबून. किती थांबून, ते सरांनी मोजलं असणार. त्यांचं आयुष्य त्यातच गेलंय.

ताईला मी गाडीतच गाठलं. थांब्यावर गाडी उभी होती, बदली ड्रायव्हर चहाला गेलेला, आणि ताई शेजारच्या सीटवर बसून परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. बदली माणूस ब्रेक असा मारतो की वरच्या फळीवरचे शब्दकोश खाली येतात, हे तिने मला आधी सांगितलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती शिक्के मारत ऐकत होती.

"म्हणजे ती रेघ तू वर नेलीस."

"हो."

"माझ्या चालीवर."

"हो."

"दोनशे बायकांना म्हणून दाखवलीस."

"दोनशे चौदा."

"आणि मला मशीन." तिने एक शिक्का मारला, वाकडा. "बरं, त्या बायका पास झाल्या का?"

"त्यांना पास-नापास नव्हतंच, ताई. त्यांच्यावरून नुसता तक्ता व्हायचा होता."

ताईचा हात थांबला. "म्हणजे त्यांना तुझी गरजच नव्हती."

 बदली ड्रायव्हर परत आला, म्हणाला, "मॅडम, निघायचं का?" आणि ताईने दार लावून घेतलं. गाडी गेली. वळणावर ब्रेक लागला आणि आत काहीतरी धपकन पडलेलं मला रस्त्यावर ऐकू आलं.

तीन आठवडे ताई बोलली नाही. चौथ्या रविवारी तिचा फोन आला. "ये आणि शिकव," एवढंच.

आम्ही तिच्या घराच्या मागच्या अंगणात फिरायला लागलो, गोल, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या कडेकडेने. मी यंत्रासारखे अंक म्हणायची, कोरडे, एकेक. आणि तिला सांगायची, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, चाल तू आतून लाव. तीन घे, थांब. दोन घे, थांब.

"तू मला शिकवतेस हे," ताई म्हणाली.

"पायांनी कर, तोंडाने नको."

"तिथे खुर्चीवर बसवतात. पाय कुठे आणू?"

म्हणून आम्ही बुटातल्या बुटात अंगठा हलवायचा सराव केला. माझी ही जाणती, साठी उलटलेली बहीण भिंतीजवळच्या खुर्चीवर ताठ बसायची, आणि तिच्या काळ्या बुटाचं टोक कळेल न कळेल असं हलायचं. कधी सात अंक यायचे, कधी पाचवरच अडायचं. अडलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायची, "अगदी बरोबर, पुढे." मग तीच रागवायची. "खोटं नको बोलूस. त्यानेच झालंय सगळं."

एक गोष्ट मी केली नाही. दुसऱ्या चाचणीचे अंक मला पाठ होते, सगळे. ताईने एकदाही विचारले नाहीत. विचारले असते तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही, आणि तिला बहुतेक ठाऊक असावं, म्हणून विचारले नाहीत.

सहा महिने भरले. परवाना कार्यालयाच्या बोळासारख्या व्हरांड्यात मी बाकावर बसले. आत जायची मला परवानगी नव्हती. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायच्या अक्षरांचा तक्ता होता, खालची ओळ मला दिसत नव्हती. चाळीस मिनिटांनी ताई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना, ती माझ्या शेजारी बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"पडद्यावर पस्तीस आले," ती म्हणाली.

जीव भांड्यात पडला. मी तिचा हात धरला, आणि तिनेही धरू दिला, जे ती सहसा करत नाही. "आता बदली माणसाला सांगते," ताई म्हणाली, "बाबा रे, माझे शब्दकोश उचलून ठेव आणि उतर."

मग खिडकीतून तिच्या नावाचा पुकारा झाला. खिडकीतल्या बाईने छापील कागद सरकवला. ताईने तो वाचला आणि माझ्याकडे दिला. बत्तीस.

"पडद्यावर पस्तीस होते," मी खिडकीतल्या बाईला म्हटलं.

"दुसऱ्यांदा दिलीय ना त्यांनी," ती म्हणाली. गोड बोलत होती, तिची काही चूक नव्हती. "दुसऱ्यांदा देताना सरावामुळे गुण वाढतात. म्हणून तीन वजा होतात. मशीनच करतं. हे बघा, तक्ता क्रमांक नऊ."

मला बघायची गरज नव्हती. अठ्ठेचाळीस बायका, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलेल्या. माहेरी आल्यासारख्या आलेल्या. त्यांचे गुण पहिल्यापेक्षा तीनने वाढले होते, आणि सरांनी त्याला सरावाचा परिणाम असं नाव दिलं होतं. मी ते टाइप केलं होतं. त्या तिनात सराव किती आणि माझी ओळख किती, हे कोणी विचारलं नव्हतं. मोजे अजून माझ्या कपाटात आहेत.

ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "नऊ नंबर कोणाचा?" तिने विचारलं.

"माझाच."

ती हसली. खरंच हसली, मंगळवारच्या गोष्टीला हसलो होतो तशी, आणि खिडकीतल्या बाईलाही थोडं हसू आलं, कशाला ते न कळता.

तिसऱ्यांदा चाचणी देता येत नाही.

गाडीतलं सामान काढायला मी तिच्याबरोबर गेले. वाचनालयाच्या मागच्या आवारात गाडी उभी होती, दुपारची, पत्रा तापलेला. सामान म्हणजे काय, सीटवरची उशी, टॉर्च, उन्हाचा चष्मा, वाचकांनी कधीकधी दिलेली पत्रं ठेवलेला बिस्किटांचा डबा. ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसून एकेक वस्तू माझ्याकडे देत होती. सगळं दिल्यावरही उतरली नाही. हात स्टिअरिंगवर.

"तुला एक विचारू? नातं जरा बाजूला ठेव."

"विचार."

"ते मंगळवारचं गाव आठवतं तुला?"

"आठवतं."

"त्याच्या आधीही एकदा झालं होतं. ते मी सांगितलं नव्हतं." ती समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होती, पुढे रस्ता असल्यासारखी. "आधी मी म्हटलं, चाचणी खोटी. तूच म्हणालीस, खोटी. मग शिकले, तर पस्तीस आले. ते खरे की शिकवलेले? आता बत्तीस. यातलं माझं कुठलं गं? तुला एवढे तक्ते पाठ आहेत. मला एकच सांग, माझं डोकं जातंय का?"

दोनशे चौदा परक्या बायकांना मी न विचारताच सांगितलं होतं, अगदी बरोबर. ते जिभेवर आलंही होतं. पण तिने मला अंगणातच बजावलं होतं, खोटं बोलू नकोस म्हणून. आणि खरं माझ्याकडे नव्हतं. ते जिथे मिळायला हवं होतं, तिथे मी नऊ वर्षांपूर्वीच हात फिरवून आले होते.

"मला ते सांगता येणार नाही," मी म्हटलं. "तू आपला प्रयत्न करत राहा."

ताईने वळून पाहिलं. "हे तुझं बोलणं नाही."

"नाही. पान सहा."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग उतरली, उशी माझ्या काखेत दिली, म्हणाली, "धर." गाडीला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चार पावलं चालून ती परत गेली आणि पुन्हा ओढून पाहिलं. दोनदा. मी मोजत होते. मी मोजतेय हे तिने पाहिलं, आणि डबा माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.